बगळीची मोटर

भिंगरीकाकांचं खरं नाव काय, असं विचारलं तर त्यांच्या बायकोलाही क्षणभर थांबावं लागेल. लहानपणी हाताला लागेल ते गरगर फिरवून बघायचा त्यांना नाद होता. डब्यांची झाकणं, सायकलची चाकं, झालंच तर शेजाऱ्यांचं मांजर, फिरत्या स्टुलावर बसवून. त्यावरून कुणीतरी भिंगरी म्हणालं आणि ते जे चिकटलं ते निघालंच नाही. पुढे माणूस मोठा झाला, मोटर वाइंडिंग, म्हणजे मोटरीत तांब्याची तार भरायचं काम, शिकला आणि जन्मभर फिरणाऱ्या वस्तूच दुरुस्त करत बसला. चिडवणाऱ्यांनी केवढी सोय करून ठेवली बघा, दुकानाच्या पाटीसाठी निराळं नाव शोधावं लागलं नाही.

दुकान घराखालीच, एका शटरचं. डाव्या हाताला इस्त्रीवाला, उजव्या हाताला नळाचं सामान विकणारा. आत पाऊल टाकलं की वार्निशचा वास नाकात शिरतो आणि कपड्यांतून दोन धुण्यांशिवाय जात नाही. भिंतीला तांब्याच्या तारेची रिळं, जाडीप्रमाणे ओळीने. टेबलाच्या कडेला तार गुंडाळायचं हाताने चालवायचं यंत्र, त्याची मूठ काकांच्या तळव्याने घासून घासून गुळगुळीत झालेली. जळकी मोटर आली की काका आधी तिला हुंगतात. हसू नका, खरंच हुंगतात! "हिच्यात पाणी गेलंय," "हिला जाम झालेली असताना कुणीतरी दामटलीय," असं नाकाने सांगतात आणि मग स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतात. गिऱ्हाइकाला प्रश्न एकच: "त्या दिवशी नेमकं काय झालं?" गिऱ्हाईक हमखास म्हणणार, "काही नाही हो, आपोआप बंद पडली." त्यावर काकांचं ठरलेलं उत्तर: "आपोआप तर केससुद्धा पिकत नाहीत, साहेब. खरं सांगा."

पण लोक हल्ली दुरुस्त करत नाहीत, टाकून देतात आणि नवीन आणतात. काकांचे हात रिकामे राहायला लागले. रिकामे हात आणि काका यांचं कधीच जमलं नाही, तेव्हा ऐन साठीत त्यांनी खेळण्यातली विमानं करायला घेतली. खेळण्यातली म्हटलेलं त्यांना चालत नाही हं. रिमोटवर उडणारी, फोमच्या पांढऱ्या शीटमधून हाताने कापलेली, आणि नाकात तीन वायरींची चिमुकली ब्रशलेस मोटर. ब्रशलेस म्हणजे जिच्यात घासणारा, झिजणारा कार्बनचा तुकडाच नाही. जन्मभर लोकांचे कार्बन बदलत आलेल्या या माणसाने ती पहिल्यांदा हातात घेतली, बोटाने फिरवली, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"कमाल आहे," काकू म्हणाल्या, "लग्नात माझा हात हातात घेतलात तेव्हा कोरडे ठणठणीत होतात."

काकू पडदे शिवतात. वरच्या मजल्यावर खिडकीशी त्यांचं मशीन, आणि त्याची मोटरही अर्थात काकांनीच भरलेली. तोंडाने काकू तिखट, पण काकांचं एखादं विमान पडलं की आधी त्याच खिडकीतून वाकून बघणार. विमानं पडायचीही भरपूर. एक झाडात गेलं, एक इस्त्रीवाल्याच्या पत्र्यावर, एकाचा तर आजवर पत्ता नाही. "साठी बुद्धी नाठी," काकू म्हणायच्या आणि फाटलेल्या पंखाला चिकटपट्टी लावायला स्वतःच बसायच्या. अशी कितीतरी मोडल्यावर बगळी झाली. लांब पंखांची, पांढरीशुभ्र, हलकी. ती पहिल्याच दिवशी मैदानावरून उठली, दोन गिरक्या घेतल्या आणि काकांच्या पायाशी अलगद येऊन टेकली. काका त्या दिवशी जेवलेच नाहीत. पोट भरलंय म्हणाले.

या विमानांना सगळ्यांत जास्त हसणारा माणूस म्हणजे काकूंचा थोरला भाऊ. काकू त्यांना दादा म्हणतात, म्हणून काकाही दादाच म्हणतात, तेव्हा आपणही दादाच म्हणू. दादा हाडाचे मच्छीमार. एकट्याला चालवता येईल एवढी छोटी बोट, तिचं छोटं इंजिन, आणि समुद्राकडे बघून बोलायची सवय. बहिणीच्या नवऱ्याला ते आजही, दोघांच्या डोक्यावर एक काळा केस उरलेला नसताना, जावईबापू म्हणतात. "काय जावईबापू, आज कुठल्या झाडावर उतरलात?" "काय जावईबापू, पोरखेळ कसा चाललाय?" काका हसून सोडून द्यायचे. वर आल्यावर मात्र काकूंना ऐकवायचे, "तुझा दादा जरा जास्तच बोलतो." काकू म्हणायच्या, "खोटं काय बोलतो?"

दादांचा उजवा खांदा काही वर्षांपूर्वी गेला. आतली शीर फाटली, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी निक्षून सांगितलं की या हाताने आता काही ओढायचं नाही, फिरवायचं तर मुळीच नाही. दादांची मासेमारी खोल पाण्यातली, गळाची. भलीमोठी दोरी खाली सोडायची आणि मासा लागला की रीळ फिरवून फिरवून ती सगळी वर घ्यायची. खांदा नाही म्हणजे सगळंच नाही. तेव्हा त्यांच्या लेकीने त्यांना विजेवर चालणारं रीळ आणून दिलं. बोटीच्या बॅटरीला जोडायचं, बटण दाबायचं, दोरी आपली आपण वर. दादा आधी कुरकुरले, "बटण दाबून मासे धरायचे म्हणजे लाजच की!" आठवडाभरात त्या रिळाला कुणाला हात लावू देईनात.

ते रीळ जळालं.

आणि तेवढंच निमित्त झालं. लेक म्हणाली, "बाबा, पुरे आता. एक हात, एकटे, आणि एवढं पाणी. मला झोप लागत नाही हो." लेक वाईट नव्हती, हे आधी सांगून ठेवतो. बापावर जीव होता म्हणूनच बोलत होती. तिने बोटीला गिऱ्हाईक शोधलं, ते रविवारी बोट बघायला येणार असं ठरवलं, आणि दादा हो म्हणाले.

काकू धास्तावल्या त्या यामुळे. "अहो, तो भांडला नाही," त्या काकांना म्हणाल्या. "माझा दादा पानात मीठ कमी पडलं तर भांडतो, आणि बोट विकायची म्हटल्यावर नुसता हो म्हणाला. बोट गेली ना, तर तो सहा महिनेसुद्धा काढायचा नाही. मी ओळखते त्याला."

बोटीपाठोपाठ माणूसही जाणार, हे काकूंनी स्पष्टच सांगितलं. गुरुवारी दादा स्वतःच पिशवी घेऊन दुकानात आले, पिशवी टेबलावर ठेवली आणि बाहेर रस्त्याकडे बघत उभे राहिले.

"बघा जमतंय का. नाही जमलं तर राहू द्या. लेकीला नवीन मागायचं तोंड नाही मला."

काकांनी रीळ बाहेर काढून हुंगलं. "मीठ," ते म्हणाले. "आणि जबरदस्ती. त्या दिवशी नेमकं काय झालं?"

"काही नाही. आपोआप बंद पडलं."

केस पिकण्याचं ठरलेलं उत्तर काकांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. थोडा वेळ इस्त्रीवाल्याच्या इस्त्रीचा धप्प धप्प आवाज तेवढा येत राहिला.

"गळ तळाला अडकला होता," दादा मग आपणहून म्हणाले. "कळत होतं मला. पण बटण सोडलंच नाही. म्हटलं, ओढ तू. मला तर ओढता येत नाही, तू तरी ओढ. धूर निघाला तेव्हा सोडलं."

ते गेल्यावर काकू वरून खाली आल्या. जिन्यात उभ्या राहून सगळं ऐकलं होतंच. डोळे पुसले आणि लगेच तोंड सुरू: "आला शेवटी तुमच्या दारात. म्हणतात ना, अडला हरी..."

"पुढचं म्हणू नकोस," काका म्हणाले. "गाढव मी आहे त्यात."

रीळ उघडल्यावर आत बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. नुसती तार जळाली असती तर काकांनी डोळे मिटून भरून दिली असती. पण जिच्यावर कार्बन घासतात ती तांब्याची कडीच खाऱ्या पाण्याने कुरतडून टाकली होती. कंपनीने ते मॉडेल कधीच बंद केलेलं. गिअर मात्र ठणठणीत, रिळाचं अंगही शाबूत. फक्त आतल्या पोकळीत बसेल अशी, अंगठ्याएवढ्या जाडीची, ताकदीची मोटर हवी. आणि खाऱ्या हवेत टिकायची तर ब्रशलेसच हवी. मागवली तर पुढच्या आठवड्यात येणार, आणि रविवार तर उंबरठ्यावर आलेला.

काकांची नजर वर गेली. छताच्या आकड्याला बगळी टांगलेली होती.

"नाही हं," काकू म्हणाल्या.

"मी काही बोललो का?"

"बोलायला कशाला हवं? डोळे दिसतात ना मला." काकू खुर्चीवर बसल्या. "ती एकच तर उडते हो तुमची."

"हो."

"आणि तो तिला पोरखेळ म्हणतो."

"म्हणू दे. ओठांवर असतं ते पोटात असतंच असं नाही."

काकू उठल्या, खणातून बारीक स्क्रू-ड्रायव्हर काढून काकांच्या हातात दिला, आणि बगळी खाली घेताना पंख कशाला आपटू नये म्हणून तिचं शेपूट धरून उभ्या राहिल्या.

मोटर निघाली तरी काम झालं नव्हतं. विमानाच्या मोटरीला वेड्यासारखं भरभर फिरायचं असतं, पंख्याने हवा कापायची, बस. रिळाला सावकाश आणि नेटाने ओढणारी हवी. तशीच बसवली असती तर तिने माशाचा जबडा हातात दिला असता आणि मासा खाली. आता इथे काकांसारखा माणूस लागतो. त्यांनी मोटरीची मूळ तार उलगडून काढली आणि बारीक तार घेऊन मोटरीच्या आतल्या लोखंडी दातांवर जास्त वेढे भरले. वेढे वाढले की वेग उतरतो आणि त्याच विजेत ओढ वाढते. पण अशी मोटर विमान उचलत नाही. शेवटचा वेढा घालताना काकांचा हात क्षणभर थांबला, ते काकूंनी पाहिलं आणि मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

मग वेढ्यांवर वार्निश, जोडांवर पाणी शिरू नये म्हणून लेप. विमानाचा कंट्रोलर, म्हणजे मोटरीला किती वीज द्यायची ते ठरवणारी काड्यापेटीएवढी पाटी, तीही बगळीतूनच काढली. रिमोटच्या जागी एक साधी घुंडी. फिरवाल तेवढा वेग.

शुक्रवारी गॅलरीतून परीक्षा झाली. बगळीचीच बॅटरी जोडली, रीळ कठड्याला बांधलं, दोरीचं टोक खाली, त्याला पाण्याने भरलेली बादली. मोटर चालू होण्याआधी "पीं पीं पीं" करून गायली, अशा मोटरी गातात, आणि बादली संथपणे वर आली, एक थेंब न सांडता. इस्त्रीवाला इस्त्री उचलून धरून बघत राहिला. "काका, माझी गाठोडी चढवायला एक करून द्या की!" काकू टाळ्या वाजवत होत्या. काका कॉलर ताठ करायचेच काय ते राहिले होते.

शनिवारी सकाळी तिघं बोटीत बसली. काकू हट्टाने आल्या. लहानपणी भावाबरोबर त्या बोटीतच वाढल्या होत्या, आणि लग्नानंतर वाइंडरची बायको झाल्यावर समुद्र नुसता लांबूनच बघत होत्या. पदर खोचून त्या नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकावर, जाऊन बसल्या. काकांचं मात्र धक्का सुटायच्या आत तोंड पांढरं पडलं. जन्मभर सगळं फिरवलं, पण स्वतः फिरायची वेळ आली तेव्हा पोट ढवळून निघालं. एका हाताने बोटीची कड आणि दुसऱ्या हाताने पोट धरून ते वाकले ते वर बघेनात.

"जावईबापू, खालचे मासे खूश आहेत तुमच्यावर," दादा म्हणाले. कित्येक दिवसांनी त्यांनी केलेली ती पहिली थट्टा होती.

खोल पाण्यात पोचल्यावर दादांनी इंजिन संथ चालू ठेवलं, बोट हवी तिथे राहावी म्हणून. रीळ बोटीच्या बॅटरीला जोडलं. मोटर गायलीही असेल, पण इंजिनाच्या घरघरीत कुणाला ऐकू येणार, आणि ऐकणारे कान तर बोटीबाहेर लोंबत होते. गळ खाली गेला. वाट बघणं झालं. आणि मग दोरी एकदम ताठ झाली.

"मोठा आहे!" दादा ओरडले. डाव्या हाताने घुंडी फिरवली. रीळ फिरलं, दोरी यायला लागली, काकू उभ्या राहिल्या. आणि मोटर थांबली. पुन्हा घुंडी. जरा फिरली, पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा नुसती थरथरली आणि गप्प.

रिळाला अडचणीच्या वेळेसाठी हाताने फिरवायचा दांडा असतो. दादांचा उजवा हात सवयीने त्या दांड्याकडे गेला. पहिल्याच वळशाला त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून काकू किंचाळल्या, "दादा, सोड तो! सोड म्हणते ना!"

दादांनी हात काढला. खांदा धरून खाली बसले. चेहऱ्यावर राग नव्हता, हेच वाईट होतं.

"झालं," ते म्हणाले. "येऊ दे उद्या त्या गिऱ्हाइकाला." आणि दोरी कापायला त्यांनी डाव्या हाताने सुरी काढली.

"पोरखेळ म्हण ना!" काकूंचा तोल गेला. "म्हण एकदाचं! त्याच पोरखेळातली मोटर आहे ती! बगळी मोडलीय त्यांनी तुझ्यासाठी, बगळी! एकच उडत होती, ती मोडून तिची मोटर घातलीय!"

दादांनी काकांकडे बघितलं. सुरी हातात तशीच.

काका बोटीच्या तळाशी रांगत येत होते. तोंड पुसायचंही भान नव्हतं. "कापू नका," ते म्हणाले. "दादा, इंजिन बंद करा. मला ऐकायचंय."

"काय ऐकायचंय?"

"आधी बंद करा हो!"

दादांवर आयुष्यात पहिल्यांदाच कुणी जावयाने आवाज चढवला असेल. त्यांनी मुकाट्याने इंजिन बंद केलं. एकदम सगळं शांत झालं, नुसतं पाणी बोटीला लागल्याचा आवाज. रिळाचा ब्रेक मासा धरून होता. काकांनी बॅटरीची वायर काढली आणि रिळाला कान लावून ती पुन्हा जोडली.

पीं. पीं. पीं. पीं.

"चार!" काकांनी कपाळावर हात मारून घेतला. "घरी तीनदाच गात होती. मूर्ख आहे मी, दादा, महामूर्ख. हा विमानाचा कंट्रोलर आहे. सुरू होताना तो बॅटरीचे कप्पे मोजतो आणि तेवढ्या वेळा गातो. तुमची बॅटरी इंजिनाने काठोकाठ भरलेली, त्याला वाटलं केवढी मोठी बॅटरी आहे. मग मासा ओढायला लागल्यावर वीज जरा खाली आली, तर तो समजला बॅटरी संपत आली, आणि याने मोटर बंद केली."

"संपली नव्हती?"

"कुठली संपतेय! पण विमानात तशी सवयच असते. वर असताना बॅटरी संपत आली तर मोटर आधी बंद करायची आणि उरलेली वीज खाली उतरण्यापुरती राखून ठेवायची. म्हणजे विमान पडत नाही, नीट उतरतं. मीच शिकवलंय त्याला. काढायला विसरलो."

दादा सावकाश म्हणाले, "अंगात ताकद असताना संपली म्हणून थांबवायचं. म्हणजे ही आमची लेकच झाली की हो."

काकू रडता रडता हसल्या. काकांना हसायला वेळ नव्हता. कंट्रोलरची सवय बदलायची रीतही गाण्याचीच: घुंडी पूर्ण उघडी ठेवून वीज द्यायची, मग तो वेगवेगळ्या सुरात पीं पीं करत एकेक पर्याय सांगतो, हवा तो सूर आला की घुंडी झटकन बंद करायची. दुकानात बसून करायचं काम. इथे बोट डुलतेय, पोटात कालवाकालव, कानाला लावलेल्या रिळाला पलीकडून मासा हिसके देतोय. पहिल्या खेपेला नेमक्या त्या सुरालाच काका पुन्हा बोटीबाहेर वाकले. सूर निघून गेला. दुसऱ्यांदा काकूंनी त्यांचं डोकं मांडीवर धरलं आणि दादांनी डाव्या हाताने त्यांची पाठ. सूर आला. काकांनी घुंडी बंद केली.

"फिरवा आता."

दादांनी घुंडी फिरवली. रीळ फिरलं. मासा झुंजला, दोरी करकरली, मोटरीचा आवाज खोल गेला, पण थांबली म्हणून नाही. काकू दोरीकडे बघत होत्या, काका डोळे मिटून नुसतं ऐकत होते. शेवटी पाण्यात काहीतरी तांबूस चमकलं आणि काकूंनी, पडदे शिवणाऱ्या काकूंनी, जाळीचा झेला खाली घालून एवढा मोठा मासा बोटीत घेतला. दादांनी घुंडीवरचा हात काढला, तो हात त्यांनी काकांच्या डोक्यावर ठेवला, आणि इंजिन सुरू करून बोट धक्क्याकडे वळवली.

रविवारी गिऱ्हाईक आलं. लेकही आली. काका-काकू धक्क्यावर जरा लांब उभे. गिऱ्हाइकाने बोट खालून वरून पाहिली, इंजिन सुरू करून पाहिलं, आणि मग त्याची नजर त्या निळ्या लेपाच्या, तीन वायरी बाहेर आलेल्या रिळावर गेली.

"हे बोटीबरोबर येणार ना?"

"ते रीळ नाही," दादा म्हणाले. "ते आमच्या जावईबापूंच्या विमानाचं इंजिन आहे. त्यांनी उडतं विमान मोडून दिलंय. ते मला विकता येत नाही. आणि ते ठेवायचं तर त्याच्याखाली बोट लागते. तेव्हा माफ करा, तुम्हाला उगीच फेरी पडली."

गिऱ्हाईक चक्रावून लेकीकडे बघायला लागलं. लेक बापाकडे. "बाबा, आणि मध्येच बंद पडलं तर? एकटे असाल तर काय कराल?"

"एकटा जाणार नाही. तुझी आत्या येईल बरोबर. आणि अंगात शेवटची ताकद उरेपर्यंत ओढत बसणार नाही, परत येण्यापुरती राखून ठेवीन. हे मी कालच शिकलोय." मग त्यांचा आवाज बारीक झाला. "पण ती संपली की नाही, ते मला ठरवू दे ना गं. अजून संपली नाहीये."

लेकीने तोंडाला ओढणी लावली. मग ती गिऱ्हाइकाला स्वतःच रस्त्यापर्यंत सोडून आली. परत आल्यावर बापाला एवढंच म्हणाली, "निघताना आणि आल्यावर फोन करायचा. विसरलात तर मी येऊन बोटीला कुलूप लावीन." दादा म्हणाले, "लाव." काकू इकडे काकांचा दंड एवढा घट्ट धरून होत्या की संध्याकाळी तिथे वळ दिसत होता.

बगळी रिकाम्या नाकाने आकड्याला लटकत राहिली. काकांनी तिच्यासाठी नवा कंट्रोलर आणि नवी मोटर मागवून ठेवली होती, तशीच, अंगठ्याएवढी. ती यायच्या आधीच एक दिवस दादा दुकानात आले. डाव्या काखेत जड खोकं. धापा टाकत ते टेबलावर ठेवलं तेव्हा टेबल हललं.

"उघडा."

आत मोटर होती. पाण्याच्या पंपाची. नवीकोरी, लोखंडी, डोक्याएवढी. नुसती तीच पाचपंचवीस बगळ्यांना भारी.

"दुकानदाराला म्हटलं, सगळ्यांत दणकट दे," दादा अभिमानाने म्हणाले. "बोटीला नेहमी गरजेपेक्षा मोठं इंजिन घ्यावं, दगा देत नाही. ही घाला तुमच्या बगळीला. आता कुठल्या झाडावर पडते बघू!"

जिन्यात उभ्या असलेल्या काकूंनी पटकन तोंडात पदर कोंबला. काकांनी मोटर दोन्ही हातांनी उचलली, नाकाजवळ नेली, सवयीने हुंगली. कोरं वार्निश आणि दादांच्या हाताचा माशाचा वास.

"दादा," ते म्हणाले, "अगदी हीच हवी होती."

ती मोटर दुकानात दर्शनी फळीवर आहे. बगळी नव्या मोटरीवर परत उडते आहे, आणि कोणत्या मोटरीवर उडते हे दादांना कुणी सांगितलेलं नाही. इस्त्रीवाल्याने एकदा ती लोखंडी मोटर विकत मागितली, पाणी चढवायला. काकांनी त्याला चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं.